नवीन की दुरुस्त? आधी उघडून तर बघा!

शनिवारची सकाळ, नऊची वेळ. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर खालच्या मजल्यावरचे आजोबा बंडी-पायजम्यावर उभे. "काय पाडकाम काढलंय का?"

"नाही हो आजोबा, कपडे धुतोय."

ते काही क्षण माझ्याकडे नुसते बघत राहिले. त्यांचंही बरोबर होतं. आतून, ड्राय बाल्कनीतून जो आवाज येत होता त्याचा आणि कपड्यांचा काही संबंध असेल असं कुणालाच वाटलं नसतं. आमचं वॉशिंग मशीन स्पिनला लागलं होतं आणि घरात हेलिकॉप्टर उतरत होतं.

खरं सांगायचं तर हा आवाज एका दिवसात आलेला नव्हता. आधी नुसती घरघर होती. मग खरखर झाली. आपण अशा वेळी काय करतो? ड्राय बाल्कनीचं दार ओढून घेतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो. आम्ही हे इमानेइतबारे दोन महिने केलं.

मशीनची जन्मपत्रिका अशी: फ्रंट लोड, सहा किलो, खरेदी २०१३च्या दसऱ्याला. तेव्हा लग्न नवं, दोघांच्या नोकऱ्या नव्या, कोथरूडला भाड्याचं वन बीएचके. तिथून मशीन आमच्याबरोबर वाकडला गेलं, वाकडहून बाणेरला आलं. तीन घरं, अकरा वर्षं. आणि मान टाकायला त्याने मुहूर्त निवडला तो २०२४च्या पावसाळ्याचा, म्हणजे एकदम सॉलिड! दोनच महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या कंपनीने त्याची अख्खी टीम बंद केली होती. तो घरी बसून सीव्ही पाठवत होता, घरात एकच पगार येत होता आणि फ्लॅटचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता जात होता.

एरवी मशीन बिघडलं असतं, तर त्याच संध्याकाळी आम्ही शोरूममध्ये दिसलो असतो, हे कबूल करते. या सदरात मी तुम्हाला बहुतेक वेळा काय घ्यावं तेच सांगत असते. (मिक्सरवर लिहिलं तेव्हा तर तुमच्यापैकी दोघांनी 'तुम्हाला कमिशन मिळतं का?' असंही विचारलं होतं. नाही मिळत.) यावेळी मात्र बत्तीस-पस्तीस हजार खर्च करण्याआधी बसून विचार करावा लागला.

आधी कंपनीत तक्रार नोंदवली. तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. मशीन रिकामं फिरवलं, कान लावला, मोबाइलवर काहीतरी भरलं. एकूण वेळ दहा मिनिटं.

"मॅडम, ड्रमचं बेअरिंग गेलंय."

"मग बदला ना."

"आमच्याकडे सुटं बेअरिंग बदलत नाहीत. पूर्ण टब असेंब्ली येते. चौदा हजारांपर्यंत जाईल, पार्ट मागवावा लागेल. त्यात मशीन अकरा वर्षांचं. त्यापेक्षा नवीन घ्या ना, एक्स्चेंज ऑफर चालू आहे."

व्हिजिटचे पैसे घेतले आणि ऑफरचं पत्रक फ्रिजवर ठेवून गेला. तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या मोबाइलमध्ये बेअरिंगच्या पुढे टब असेंब्लीच लिहिलेलं होतं, ते त्याने मला दाखवलंही. पण मशीनचा एक स्क्रूही न काढता चौदा हजारांचा निकाल लागला, हे काही मनातून जाईना.

नवऱ्याच्या मनातून मात्र ते केव्हाच गेलं होतं. रात्री बघते तर लॅपटॉपवर सतरा टॅब उघडे. नोकरी शोधायला बसलेला माणूस मशीन शोधण्यात जास्त रमतो, हे माझं ताजं निरीक्षण. "अगं, हे बघ, एआय आहे. कपड्याचं वजन आणि पोत स्वतःच ओळखतं. आणि ऑफिसमधून मोबाइलवर सुरू करता येतं!"

"अरे, पण कपडे आत कोण घालणार? मोबाइल?"

तरी रविवारी शोरूममध्ये गेलोच. जायला काय जातंय! पसंत पडलेल्या मशीनवर छापील किंमत चौतीस हजार, आणि दारावर भलं मोठं स्टिकर: दहा वर्षांची वॉरंटी. स्टिकरच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की, ही वॉरंटी मोटरवर, बाकी मशीनवर दोन वर्षं. आता गंमत बघा. आमच्या जुन्या मशीनची मोटर अकरा वर्षांनंतरही ठणठणीत होती. गेलं होतं ते बेअरिंग. बेअरिंग, रबरी सील, दाराचं रबर, पंप, सर्किट बोर्ड, म्हणजे प्रत्यक्षात जे जे जातं, ते सगळं दोन वर्षांच्या रकान्यात. जे सहसा जात नाही ते दहा वर्षांच्या. पुढच्या वेळी शोरूममध्ये जाल तेव्हा ते स्टिकर वाकून वाचा.

मग सेल्समनने हुकमाचा एक्का काढला. "नो-कॉस्ट ईएमआय आहे ना मॅडम, टेन्शन कशाला?" एकाच पगारावर चाललेल्या घराला हे वाक्य फार गोड लागतं, म्हणूनच सांगते. व्याज शून्य वगैरे नसतं. रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच शून्य टक्क्यांच्या योजनांवर बोट ठेवलं होतं, कारण व्याज दुसऱ्या नावाने वसूल होत होतं. आताच्या नो-कॉस्टमध्ये व्याज लावलेलं असतंच, ते सुरुवातीला सूट म्हणून वजा करून दाखवतात. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्या कार्डावर पडतो आणि बरेचदा वर प्रोसेसिंग फीही. मी फक्त एवढंच विचारलं, "सगळे पैसे आत्ता एकदम दिले तर?" तो कॅल्क्युलेटर बडवून आला आणि म्हणाला, "बत्तीस करून देतो." म्हणजे 'नो-कॉस्ट'ची कॉस्ट दोन हजार होती तर!

जुन्या मशीनचे एक्स्चेंजमध्ये दीड हजार. भंगारवाल्याला विचारलं, तर त्याने आधी बाल्कनीत जाऊन मशीन हाताने हलवून बघितलं. "वजनदार आहे ताई, पण त्यात काँक्रीट असतं, त्याचे पैसे नाही मिळायचे." मला वाटलं, थापा मारतोय. पण खरंच असतं! फ्रंट लोडमध्ये स्पिनच्या वेळी मशीन नाचत घरभर फिरू नये म्हणून काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात. तिसऱ्या मजल्यावर मशीन चढवताना दोन हमाल का धापा टाकत होते, ते अकरा वर्षांनी कळलं. (आणि एक, भंगारात घालणार असाल तरी मशीन हा ई-कचरा आहे. २०११च्या नियमांपासून तो त्या यादीत आहे, आणि २०२२चे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झालेत. जुन्या मालाच्या विल्हेवाटीची जबाबदारी कंपन्यांवर टाकलेली आहे. एक्स्चेंजमध्ये देताना 'हे पुढे कुठे जातं?' एवढं विचारायला हरकत नाही.)

आता तिसरा मार्ग. तुमच्याही मनात तो आला असेल, कारण आपल्याकडे तो सगळ्यांच्याच मनात येतो. "मावशींना देऊन टाकू ना!" नवरा म्हणाला. "त्या दुरुस्त करून वापरतील."

मावशींचा आणि माझा त्या दिवसांत जरा अबोला होता. त्याचं कारण सांगायला हवं. एप्रिल-मेपासून नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टांवर करडे, तेलकट डाग पडायला लागले होते. धुतलेल्या कपड्यांवर! इंटरव्ह्यूचे शर्ट ते. दोन शर्ट गेले तेव्हा माझा तोल सुटला. मावशी ओट्याची फडकी कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकतात, अशी माझी खात्रीच होती. तसं मी त्यांना सरळ बोलले. "मी नाही टाकत ताई," एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर कामापुरतंच बोलणं.

तरी मी विचारलं, "मावशी, हे मशीन आम्ही काढणार आहोत. तुम्हाला हवंय का?"

त्यांनी हातातला पोछा बादलीत बुडवला. "आमच्याकडं पाणी सकाळी तासभर येतं ताई. तुमचं हे मशीन नळाला लावायचं असतं. बादलीनं पाणी ओतायचं मशीन असतं तर घेतलं असतं. आन् बिघडलेलं घेऊन मी दुरुस्तीला पैसे कुठनं आणू?"

ज्या दुरुस्तीचा खर्च आम्हाला दोघांना जड वाटत होता, तो त्यांच्या गळ्यात घालायला निघालो होतो, आणि वर त्याला दान म्हणणार होतो. यावर मी जास्त काही लिहीत नाही.

शेवटी सोसायटीच्या वॉचमनने एका मेकॅनिककाकांचा नंबर दिला. काका स्कूटरवरून आले, पुढे हत्यारांची पिशवी. मशीन चालू न करताच त्यांनी दार उघडलं, ड्रममध्ये हात घातला आणि ड्रम वरच्या बाजूने धरून वर-खाली केला. ड्रम खडखड करत हलला. "हे बघा. चांगल्या मशीनचा ड्रम हलला तर बाहेरच्या टबासकट हलतो. हा एकटाच हलतोय." मग हाताने हळूहळू फिरवला. आत कुणीतरी वाळू दळतंय असा आवाज. ही परीक्षा तुम्ही घरी करू शकता, एक पैसा लागत नाही. फक्त आधी प्लग काढा.

नंतर त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाणी कुठलं? बोअरचं का कॉर्पोरेशनचं? पावडर किती टाकता? घरं किती बदलली? हलवताना मागचे बोल्ट लावले होते का?

"कुठले बोल्ट?"

काका हसले. मी जाऊन मॅन्युअलची पिशवी आणली. आत ते लांबलचक बोल्ट होते, २०१३पासून पडलेले. फ्रंट लोडचा टब आत स्प्रिंगांवर लटकलेला असतो. मशीन टेम्पोतून नेताना तो आदळू नये म्हणून हे बोल्ट लावून जखडायचा असतो. कोथरूड ते वाकड आणि वाकड ते बाणेर, दोन्ही वेळा आमचा टब खड्ड्याखड्ड्याला झोके घेत आला होता. घर बदलणारे हो, जागे व्हा! पॅकर्सवाल्याला हे ठाऊक असेलच असं धरून चालू नका.

"खर्च किती येईल काका?"

"उघडल्याशिवाय सांगत नाही. उघडायचे पाचशे. काम केलं तर मजुरीत धरीन, नाही केलं तर तेवढे द्या."

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य. पाचशे रुपये देऊन आम्ही मशीन उघडायला लावलं, आणि जे बघायला मिळालं ते शोरूममध्ये कुणी सांगितलं नसतं.

मागून बघितलं तर रचना साधी आहे. कपड्यांचा ड्रम एका मोठ्या टबाच्या आत फिरतो. ड्रमच्या पाठीला अॅल्युमिनियमची तीन पायांची तिवई असते (काका तिला 'स्पायडर' म्हणत होते), तिच्या मधून शाफ्ट निघतो आणि टबाच्या पाठीतल्या दोन बेअरिंगांवर फिरतो. पाणी आणि बेअरिंग यांच्यामध्ये काय असतं? एक रबरी सील. बस्स. हे सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये उतरतं, तिथलं ग्रीस धुऊन निघतं, गोळ्या गंजतात आणि हेलिकॉप्टर सुरू होतं. म्हणजे मरतं सील, बोंब मारतं बेअरिंग आणि बिल येतं टबाचं.

"आणि ते ग्रीस जातं कुठे?" मी विचारलं.

"कुठं जाणार? पाण्यात. कपड्यांवर डाग पडले असतील बघा तुमच्या. करडे, तेलकट."

मी स्वयंपाकघराकडे बघितलं. मावशी भांडी घासत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. मान काही वर केली नाही.

काकांनी टबाचे स्क्रू सोडवले आणि दोन भाग वेगळे केले. "तुमचा टब स्क्रूचा आहे म्हणून बरं. हल्ली बऱ्याच मशीनला टब चिकटवून सीलबंद केलेला येतो. त्यात हजाराच्या बेअरिंगसाठी अख्खा टब कापायला लागतो." आतून निघालेला ऐवज: दोन रुपयांचं नाणं, तीन हेअरपिना आणि माझ्या भाचीचा मोजा. भाची आता सातवीत आहे, मोजा दुपट्यातल्या बाळाचा. हीटरवर पांढऱ्या चुन्याचा थर, जाड, जुन्या हंड्याला असतो तसा. बेअरिंगमधून तपकिरी भुकटी सांडली.

मग काकांनी तिवई हातात घेतली आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने तिन्ही पाय खरवडून बघितले. इथे ते पहिल्यांदाच गप्प झाले. साबण आणि साचलेलं पाणी अॅल्युमिनियमला खातं. पाय आतून पोखरला गेला असेल तर स्पिनमध्ये तो मोडतो आणि ड्रम टबालाच फाडतो. "खड्डे पडलेत, पण आत भरीव आहे. चिरा नाहीत. हा एक जरी पाय गेला असता, तर मीच म्हटलं असतं, काढून टाका."

जुन्या बेअरिंगांवर नंबर होते, ६२०५ आणि ६२०६. काकांनी मला एक गंमत शिकवली. अशा नंबरातले शेवटचे दोन आकडे घ्यायचे, त्यांना पाचाने गुणायचं, की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ०५ म्हणजे २५, ०६ म्हणजे ३०. हे वॉशिंग मशीनचं खास बेअरिंग वगैरे काही नाही. याच मापाची बेअरिंगं पंपांत, मोटरींत, कुठे कुठे असतात आणि जगभर याच नंबराने मिळतात. इथे चिंचवडला तर बेअरिंग बनवणाऱ्या एसकेएफचा कारखानाच आहे. अवघड असतं ते सील, कारण ते मॉडेलप्रमाणे बदलतं. त्यासाठी नवऱ्याला जुनं सील हातात देऊन बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत पिटाळलं.

हिशेब असा झाला: बेअरिंगं ९००, सील ५००, दाराचं रबर फाटायला आलं होतं त्याचे १,४००, मजुरी २,२००. एकूण पाच हजार.

आता खरा प्रश्न. पाच हजार घालावेत का? सगळीकडे एक नियम सांगतात, दुरुस्ती नव्या मशीनच्या निम्म्या किमतीपेक्षा महाग असेल तर नवीन घ्या. मला हा नियम कच्चा वाटतो. त्या नियमाने कंपनीची चौदा हजारांची दुरुस्तीसुद्धा पास झाली असती! त्यापेक्षा माझा हिशेब बघा. नवीन मशीन बत्तीस हजारांचं, दहा वर्षं चालेल असं धरा. म्हणजे वर्षाला ३,२००. मग पाच हजारांची दुरुस्ती किती टिकली पाहिजे? साधारण एकोणीस महिने. एकोणीस महिने जुनं मशीन चाललं की आपण सुटलो, पुढचा प्रत्येक महिना फुकट. चौदा हजारांना मात्र ते सव्वाचार वर्षांच्याही पुढे चालायला हवं, आणि तेवढी हमी अकरा वर्षांच्या मशीनची मी देणार नाही. तुमच्या मशीनला, फ्रिजला, कशालाही हा भागाकार लावून बघा.

'पण नवीन मशीन वीज वाचवतं!' हा नवऱ्याचा शेवटचा मुद्दा. आम्ही कपडे गार पाण्यात धुतो. गार धुलाईला वीज लागते ती मुख्यतः ड्रम फिरवायला, म्हणजे फार तर पाव युनिटच्या आसपास. नवीन मशीनने त्यातली निम्मी वाचवली आणि वर्षात दोनशे वेळा मशीन लावलं, तरी पंचवीस युनिटं. एका पिझ्झाचे पैसे! वीज खाते ती पाणी गरम करण्यात, आणि पाणी तेवढंच असेल तर ते तापवायला नव्या मशीनलाही तेवढीच वीज लागणार. हां, तुमचं जुनं मशीन टॉप लोड असेल तर गोष्ट वेगळी. त्याला एका धुलाईला शंभर लिटरच्या पुढे पाणी सहज लागतं, फ्रंट लोडला साधारण पन्नास-साठ. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत हा फरक खराच मोठा आहे.

सगळ्यांनी दुरुस्तच करावं असंही माझं म्हणणं नाही. ठाण्याच्या माझ्या मैत्रिणीचं बघा. नऊ वर्षांचं मशीन, आधी सर्किट बोर्ड गेला, साडेसात हजार. चार महिन्यांनी पाण्याचा व्हॉल्व्ह. 'आता एवढा खर्च केलाच आहे तर' म्हणून तोही बदलला. मग मोटर. शेवटी नवीन मशीन घेतलंच, दुरुस्तीचे चौदा-पंधरा हजार घालवून. तिने बोर्डाच्या वेळीच थांबायला हवं होतं. पंप, बेल्ट, व्हॉल्व्ह, दाराचं रबर ही किरकोळ दुखणी, यासाठी मशीन टाकू नये. तिवई मोडली, टब फुटला किंवा वर्षभरात दुसऱ्यांदा मोठा भाग गेला, तर रडत बसू नये. आणि सुटे भाग मिळणारच नसतील तर प्रश्नच मिटला. युरोपात २०२१पासून वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग किमान दहा वर्षं मिळालेच पाहिजेत असा नियम आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ला 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. नवीन घ्यायची वेळ आलीच तर दुकानात एआयबद्दल विचारण्याआधी हे विचारा: टब स्क्रूचा की सीलबंद?

राहता राहिलं पाणी. काकांनी हीटरवरचा चुना नखाने उडवला आणि म्हणाले, "नवीन घेतलं असतं तरी हेच झालं असतं. पाणी तेच ना." आमच्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी कमी पडलं की बोअर आणि टँकर. सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर सेक्रेटरी टीडीएसचा आकडा टाकतात आणि सगळे अंगठे दाखवतात. पण टीडीएस म्हणजे विरघळलेलं सगळंच. मशीनला मारतं ते त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, म्हणजे हार्डनेस. तो वेगळा मोजावा लागतो, त्याचं थेंब टाकून बघायचं किट स्वस्तात मिळतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरं पाणीच नसेल तर ६००पर्यंत चालतं. आमचा आकडा ४८० आला. अशा पाण्यात फेस येत नाही म्हणून मी हात सैल सोडून पावडर टाकत होते. न विरघळलेली पावडर आणि चुना मिळून जो राप होतो, तो जाऊन बसतो नेमका रबरावर आणि सीलवर. आता नळाला मशीनपुरता सॉफ्टनर लावलाय, दोन महिन्यांतून एकदा डीस्केलिंग पावडर घालून गरम पाण्यावर रिकामं फिरवते, आणि धुणं झालं की दार उघडं ठेवते. दाराला डोकं दोनदा आपटलंय. असो.

काम संपायला संध्याकाळ झाली. त्याआधीच, दुपारी, मी मावशींकडे गेले. "मावशी, डाग मशीनचेच होते. मी उगाच बोलले तुम्हाला."

"मी सांगितलं होतं ताई," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मशीन बंद होतं त्या पंधरा दिवसांचे कपडे हातानं धुतले मी. जीन पण. त्याचं काय ते बघा." बघितलं. मुळात मीच न मागता द्यायला हवे होते.

संध्याकाळी पहिला लोड त्यांनीच लावला. शर्ट बाजूला ठेवले आणि ओट्याची फडकी आत टाकली. "आधी ही निघू देत. डाग नाही आला तर दादांचे शर्ट." स्पिन लागला. आम्ही चौघं, काकांसकट, बाल्कनीच्या दारात उभं राहून ऐकत होतो. ऐकायला फारसं काही नव्हतं. फडकी स्वच्छ निघाली.

एकोणीस महिने केव्हाच उलटले, मशीन चालू आहे. नवऱ्याला नोव्हेंबरात नोकरी लागली. पहिल्या पगाराला त्याने ते सतरा टॅब पुन्हा उघडून बघितले, पण मशीन काही घेतलं नाही, दोन पांढरे शर्ट घेतले. आणि हो, पाच हजारांच्या हिशेबात एक रक्कम धरलेली नाही. तपकीर गल्लीत सील शोधायला गेला, तेव्हा त्याने गाडी नो-पार्किंगमध्ये लावली होती.